गल्ल्यावर बसलेले माकड

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा मोटारसायकलच्या टाकीवर बसलेले लाल तोंडाचे माकड, त्याच्याभोवती हसणारी माणसे आणि खाली ‘गावाचा लाडका’ अशी ओळ. असे छायाचित्र मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. वाचकांना ते आवडते, हे आम्ही समजू शकतो. पण अशा माकडाची दुसरी बातमी येते तेव्हा ती बहुधा चाव्याची असते, आणि तोवर त्याला खाऊ घालणारेच काठ्या शोधू लागलेले असतात. या दोन बातम्यांच्या मध्ये काय घडते हे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

‘माणसाळलेले’ हा शब्दच आधी फसवतो. गाय, शेळी, कुत्रा यांना माणसाने हजारो वर्षे निवडून निवडून आपल्याला हवे तसे केले. माकडाच्या बाबतीत असे काही झालेले नाही. लहानपणी घरात आलेल्या माकडाची माणसाबद्दलची भीती तेवढी जाते. स्वभाव टोळीतलाच राहतो. टोळीत प्रत्येकाची पायरी ठरलेली असते आणि वाढत्या वयात ती धक्के देऊन, दमदाटी करून वर सरकवायची असते. घर हीच ज्याची टोळी, ते माकड हे घरातच करणार. पहिली दोन-तीन वर्षे ते कुशीत झोपते, केसांतून बोटे फिरवते. चौथ्या-पाचव्या वर्षाकडे नराचे सुळे वाढतात, आणि मग ते आपल्याहून दुबळे कोण याचा अंदाज घेऊ लागते. उत्तर सरळ असते: लहान मुले, वाकून चालणाऱ्या आजी, आणि घरी प्रथमच आलेला पाहुणा. पाळलेले माकड पंचवीस-तीस वर्षे जगू शकते. म्हणजे गोड दिवस दोन-तीन वर्षांचे आणि पुढचे सगळे आयुष्य साखळीचे.

यात एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. मालक सांगतो, ‘मी असताना ते कुणाला काही करत नाही.’ प्रत्यक्षात मालक जवळ असताना धोका वाढतो. टोळीत भांडण काढताना माकड आधी पाठीराखा जवळ आहे का ते पाहते. एकदा मालकाकडे, एकदा समोरच्याकडे अशी झटपट नजर टाकत ते गुरगुरते. मालकाने त्याच वेळी त्याला थोपटले किंवा लाडाने हाक मारली, की त्याच्या लेखी पाठिंबा मिळाला. मग झडप येते. म्हणून अशा घरात पाहुणा आला, तर मालकाने माकडाला जवळ घेऊन ‘हे बघ, आपलेच आहेत’ असे समजावू नये. पाठ फिरवून दुसऱ्या खोलीत निघून जावे. पाठीराखा गेला की बहुतेक माकडे माघार घेतात.

आता समोरच्या माणसांविषयी. माकडाच्या चेहऱ्याचे हावभाव आणि आपले हावभाव यांत एक दुर्दैवी सारखेपणा आहे. आपण दात दाखवतो ते हसून. माकड ओठ मागे ओढून दात विचकते ते भीतीने, कोंडीत सापडल्यावर. मोबाइलच्या चित्रफितींत जे ‘हसणारे माकड’ दिसते, ते बहुतेक वेळा घाबरलेले असते, आणि त्याच्या अंगावर वाकून दात दाखवणारा माणूस ती भीती आणखी वाढवत असतो. धमकी याहून वेगळी दिसते. नजर रोखलेली, भुवया वर ओढलेल्या, त्यामुळे पापण्यांवरची फिकट त्वचा चमकते. तोंड गोल उघडे, पण दात झाकलेले. मान झटक्याने पुढे. जांभई आली म्हणजे झोप आली असे नव्हे. नराने माणसांकडे तोंड करून सुळे दिसतील अशी जांभई दिली तर तो ताणाखाली आहे. ओठ भराभर मिटत-उघडत केलेली चपचप ही मात्र सलोख्याची खूण. या चार खुणा शाळेच्या फळ्यावर काढून दाखवल्या, तर मुलांना दहा मिनिटांत कळतात. गावात असे माकड असेल, तर शिक्षकांनी तेवढे जरूर करावे.

ते वाटेत आडवे आले तर डोळ्यांत पाहू नये. नजर जमिनीवर किंवा बाजूला ठेवावी, हात खाली, तळवे उघडे, म्हणजे हातात खाऊ नाही हे त्याला दिसते. तिरके तिरके मागे सरावे. पाठ करून पळू नये, कारण पळणाऱ्याच्या पोटरीला चावा बसतो. प्लॅस्टिकची पिशवी हातात धरू नये, कारण तिच्या चुरचुरीचा आणि खाण्याचा संबंध माकडाने कधीच जोडलेला असतो. खांद्यावर चढून बसले तर ओढून काढायचे नाही. ओढले की ते पकड घट्ट करते आणि तोंड नेमके कानाजवळ असते. स्थिर उभे राहून हळूहळू भिंत, झाड किंवा गाडीच्या टपाजवळ जावे आणि खांदा त्या बाजूला कलता करावा. माकडाला उंच जागा आवडते. ते आपणहून उतरते.

चष्मा किंवा मोबाइल हिसकावला तर पाठलाग करू नये. वृंदावनात माकडे चष्मा पळवतात आणि रसाचे पाकीट मिळाले की परत टाकतात; बालीतल्या उलुवाटू मंदिरातल्या माकडांच्या अशाच देवघेवीचा तर अभ्यासकांनी अभ्यास केला आहे. सौदा जमला की हिसकावण्याची सवय पक्की होते. म्हणून मोबदला हातातून देऊ नये. सगळ्यांनी दहा-पंधरा पावले मागे जावे, पाहणे बंद करावे. खाता न येणारी वस्तू माकड बहुधा थोड्या वेळात टाकून देते.

शनिवारी केळी, चणे, पेढे घेऊन येणारे भाविक प्रेमानेच येतात, आणि त्या भावनेचा आम्हाला आदर आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर आहे. माकडाला हक्काची जागा द्यावी ही समज या मातीत मुरलेली आहे. पण हातावरचा पेढा ही जागा नव्हे. हाताने भरवलेल्या माकडाला प्रत्येक हात खाऊचा वाटतो, आणि रिकामा हात दिसला की ते चिडते. चावा बसतो तो पेढा देणाऱ्याला नव्हे, त्याच्या मागून रिकाम्या हाताने येणाऱ्या पोराला. शिवाय काळ्या तोंडाचे वानर मुख्यतः पाला खाऊन जगते. त्याचे पोट कप्प्याकप्प्यांचे असते आणि पाला आंबवून पचवते. बिस्किटे, पाव, गोड पदार्थ त्यात गेले की आंबण भलतीकडे जाते, पोट फुगते. लाल तोंडाचे माकड जवळपास सगळे खाते, म्हणून त्याचे नुकसान दिसायला वेळ लागतो: लठ्ठपणा, किडलेले दात, मधुमेह. उलट घरात पोळी-भात-चहावर वाढवलेल्या माकडाच्या हिरड्यांतून रक्त येते, कारण माणसाप्रमाणेच माकडाचे शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही. आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्याची हाडे उन्हाअभावी वाकतात. पेरू, आवळा, शेवग्याचा पाला आणि सकाळचे ऊन या साध्या गोष्टी त्याला कोणी देत नाही.

पिल्लू घरी येते कसे, हेही सांगायला हवे, कारण बहुतेक चुका पहिल्या तासात होतात. आई विजेच्या तारेला चिकटून किंवा गाडीखाली मरते, पिल्लू तिला बिलगून राहते, आणि कोणी दयाळू माणूस ते उचलून घरी नेतो. नेण्याआधी टोळी जवळपास आहे का ते पाहावे. असेल तर पिल्लाला जाड फडक्यावर, पाटीत घालून जवळच्या फांदीवर टोळीला दिसेल असे ठेवावे, कुत्री हाकलावीत आणि लांब जाऊन दोन-तीन तास थांबावे. वानरांमध्ये दुसऱ्या माद्या पिल्ले सांभाळायला उत्सुक असतात; लाल तोंडाच्या माकडांतही पिल्लू उचलले जाते. ते एका फेरीत घडेलच असे नाही, पण संधी दिल्यावाचून उचलणे म्हणजे त्याला टोळीपासून तोडणे आहे.

टोळी गेलीच असेल तर आधी ऊब, मग पोट. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजले तर ते पचत नाही आणि घशात अडकते. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पोटाशी द्यावी. अंगात ऊब आल्यावर कोमट जलसंजीवनीचे थोडे थोडे थेंब, आणि नंतर बाळांच्या दुधाची पावडर नेहमीच्या प्रमाणात कालवून किंवा शेळीचे दूध. दिवसभरात मिळून पिल्लाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके: ४०० ग्रॅमच्या पिल्लाला साधारण ८० मिलिलिटर, दर दोन तासांनी विभागून. सुई काढलेल्या सिरिंजने पाजताना पिल्लू पोटावर, डोके किंचित वर असे धरावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजण्याची चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. दूध फुप्फुसात उतरते आणि दोन-तीन दिवसांत न्यूमोनियाने पिल्लू जाते. बिलगायला मऊ टॉवेलची गुंडाळी किंवा कापडी बाहुले हवेच. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’पेक्षा पिल्ले कापडाच्या ‘आई’ला बिलगून राहत, ते प्रयोग क्रूर होते, पण पिल्लाला दुधाइतकीच बिलगण्याची गरज असते हे त्यांतून कळले. ही सगळी सोय वन विभागाचे लोक येईपर्यंतची. १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’ या वन विभागाच्या मदतवाहिनीचा क्रमांक त्याच दिवशी फिरवावा, महिन्याने नव्हे. एका महिन्यात पिल्लाने माणूस हीच आई मानलेली असते.

घरात आधीच बांधलेले माकड असेल तर काय पाहावे? गळ्यात दोरी असेल तर ती आजच निघाली पाहिजे. कमरेच्या पट्ट्यात दोन बोटे सहज जायला हवीत. माकड वाढते, पट्टा तेवढाच राहतो, आणि तो कातडीत रुततो. वर केस असल्याने जखम वासानेच कळते. साखळीला मध्ये फिरकी हवी, नाहीतर पीळ पडून ती आखडते. साखळीच्या टप्प्यात भिंत, कठडा किंवा फांदी येता कामा नये. भिंतीपलीकडे उडी मारली आणि पलीकडे साखळी जमिनीपर्यंत पोहोचली नाही, तर ते लटकून मरते. पाण्याचे भांडे जड, सावली दिवसभराची. आणि एक कळकळीची विनंती: दया येऊन कोणी रात्री साखळी तोडून त्याला मोकळे करू नये. कमरेला साखळीचा तुकडा घेऊन गेलेले माकड झाडात अडकते.

तसेच ‘जंगलात सोडून दिले’ हे वाक्य ऐकायला चांगले वाटते, पण एकट्या माणसाळलेल्या माकडासाठी ती शिक्षाच आहे. अनोळखी टोळी त्याला आत घेत नाही, चावून पिटाळते. कोणता पाला खावा, बिबट्या आल्याची हाक कोणती, कोणत्या तारेला हात लावू नये, हे आईकडून शिकायचे असते. ते शिकलेले नसते. मग ते जवळच्या पहिल्या घराकडे जाते आणि तिथल्या लोकांना ‘हल्लेखोर माकड’ मिळते. रीतसर पुनर्वसनात आधी क्षयाची तपासणी होते. तिचे औषध माकडाच्या वरच्या पापणीत टोचतात, म्हणजे क्षय असल्यास येणारी सूज पिंजऱ्याबाहेरूनही दिसते. नंतर त्याच जातीच्या माकडांबरोबर गट जमवावा लागतो, माणूस दिसणार नाही अशा आडोशाच्या पिंजऱ्यात रानातला पाला-फळे द्यावी लागतात, आणि गट एकसंध झाल्यावरच दार उघडायचे. याला महिने लागतात, काही वेळा वर्षे. काही माकडे कधीच सोडण्याजोगी होत नाहीत.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून सांगतो: रोग माकडाकडून माणसाकडेच येतो असे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या युटेनहेग स्थानकावर १८८० च्या दशकात दोन्ही पाय गमावलेल्या एका सिग्नलमनच्या हाताखाली जॅक नावाचा बबून (आफ्रिकेतले मोठे माकड) सिग्नलचे खटके ओढत असे. प्रवाशांकडून तक्रार झाली, रेल्वेने त्याची परीक्षा घेतली आणि त्याला कामावर ठेवले. लोक कौतुकाने त्याला पाहायला येत. १८९० मध्ये तो क्षयाने मेला. खोकणाऱ्या माणसाने पिल्लाला मांडीवर घेऊ नये, एवढे तरी यातून घ्यावे.

चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून; कारण १५ मिनिटे फार लांब वाटतात आणि लोक दोन मिनिटांत थांबतात. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. लगेच टाके घालून घेऊ नयेत. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रेबीजची लस स्नायूत घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलेल्या जखमेत पहिल्याच दिवशी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) हेही लागते. ‘दहा दिवस प्राण्यावर नजर ठेवा’ हा नियम कुत्र्या-मांजरांसाठी आहे. माकडाला तो लागू नाही. मालक ‘आमच्या माकडाला लस दिलीय’ म्हणाला तरी स्वतःची लस थांबवू नये. डॉक्टरांना ‘माकड’ एवढेच न सांगता लाल तोंडाचे की काळ्या तोंडाचे तेही सांगावे. लाल तोंडाच्या माकडांच्या लाळेत बी विषाणू असू शकतो. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला तर जीवघेणा ठरतो. लाळ डोळ्यांत उडाली तर डोळेही तितकाच वेळ धुवावेत. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तिथे मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये, कारण त्याच्या अंगावरचे गोचीड नवे अंग शोधत असतात. आरोग्य केंद्राला कळवावे.

कायद्याबद्दल गावोगाव एक गैरसमज आहे. २०२२ च्या दुरुस्तीत उत्तरेकडचे ऱ्हीसस माकड वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतून वगळले गेले, त्यावरून ‘आता माकड पाळता येते’ अशी चर्चा सुरू झाली. दक्षिण महाराष्ट्रात दिसणारे लाल तोंडाचे माकड हे टोपी माकड आहे, डोक्यावर केसांचा भांग पडलेला भोवरा असलेले. ते आणि काळ्या तोंडाचे वानर आजही संरक्षित आहेत. आणि कोणतेही माकड असो, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहेच. १९९८ च्या अधिसूचनेने माकडांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. डमरूवर माकड नाचवून पोट भरणाऱ्या कुटुंबांना त्या वेळी दुसरा धंदा मिळवून द्यायला हवा होता, ही आमची प्रामाणिक खंत आहे. पण आज रील काढण्यासाठी माकडाला कपडे घालून नाचवणाऱ्यांपुढे पोटाचा प्रश्न नाही.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन अपेक्षा. ‘लाडका’ असे छायाचित्र छापू नये. छापलेच तर माकड जिथे खाऊ खाते ते गाव आणि दुकान लिहू नये, कारण रविवारी तिथे गर्दी होते. आणि माकड चिडले की ‘सूड’, ‘टोळीयुद्ध’ असे शब्द वापरू नयेत. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या लवूळ गावात वानर कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत होते. पिल्ले तिथे उपाशी राहून किंवा पडून मरत. वन विभागाने दोन वानर पकडले. पण बातमी जगभर गेली ती ‘माकडांनी घेतलेला सूड’ म्हणून. अशा मथळ्यानंतर परगावच्या निरुपद्रवी टोळीवरही दगड पडतात.

वन विभागालाही एक विनंती आहे. घरात माकड असलेले कितीतरी लोक गुन्हा दाखल होईल या भीतीने क्रमांक फिरवत नाहीत, आणि अंधारात माकड घाटात सोडून येतात. स्वतःहून आणून देणाऱ्यांशी कसे वागले जाईल, हे प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयाने फलकावर लिहून लावावे.

देण्याच्या दिवशी घरच्यांनी त्याला पोटभर खाऊ घालू नये. प्रवासात उलटी होऊन घशात जाते. ते झोपते ते फडके न धुता सोबत द्यावे, वास ओळखीचा राहतो. पिंजऱ्यावर पोते टाकावे. वय, खाणे, कधी कुणाला चावले, घरात कोणाला क्षय होता का, हे कागदावर खरे खरे लिहून द्यावे. आणि पुढचे काही महिने भेटायला जाऊ नये. आवाज ऐकला की ते इतर माकडांना सोडून जाळीला येऊन बसते आणि दिवसभर तिथून हलत नाही.

आपले,
जखमी व अनाथ वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेचे काम करणारे काही स्वयंसेवक,
कोल्हापूर